सही खरी, आवृत्ती पहिली: जुन्या रहस्यकथांच्या स्वाक्षरीच्या प्रती कशा शोधाव्यात, पारखाव्यात आणि जपाव्यात

कवितासंग्रह लोक कपाटात जपतात. रहस्यकथा मात्र हातोहात फिरल्या, एस.टी.त वाचल्या गेल्या, उशीखाली चुरगळल्या आणि शेवटी रद्दीत गेल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. तरी आज त्यांपैकी एखाद्या पुस्तकाची पहिल्या आवृत्तीची, मूळ मुखपृष्ठ शाबूत असलेली प्रत शोधायला निघा, चपला झिजतील. त्यावर लेखकाची सही असेल तर ते पुस्तक सोन्यासारखं जपायचं.

मी बरीच वर्षं मराठवाड्यात ही पुस्तकं शोधतो आहे. हाताशी ना पुण्या-मुंबईचे जुन्या पुस्तकांचे मोठे व्यापारी, ना लिलाव. जे शिकलो ते पुस्तकं हातात धरून, आणि एकदा चांगलाच फसून. ते सगळं इथे क्रमाने देतो.

आधी कपाटाची हद्द ठरवा

‘सगळ्या रहस्यकथा’ हा संग्रह होत नाही, तो ढीग होतो. एक धागा पकडा. एखादा लेखक घ्या, एखादा नायक घ्या (अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड, नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणी), नाहीतर एखादा मुखपृष्ठकार घ्या. रघुवीर मुळगावकरांनी अर्नाळकरांच्या पुस्तकांसाठी काढलेली मुखपृष्ठं हा एका माणसाला जन्मभर पुरेल एवढा विषय आहे. माझ्या मते नव्या माणसाने शिरवळकरांपासून सुरुवात करावी. ते २००३ साली गेले. त्यांच्या सह्या घेतलेले वाचक आजही आपल्यात आहेत, त्यामुळे पडताळणी करता येते. अर्नाळकर १९९६ साली गेले, त्यांच्या सहीची प्रत फार क्वचित दिसते.

इंग्रजी अभिजात रहस्यकथांची हौस असेल तर एक गोष्ट मनाशी पक्की करा. कॉनन डॉइल किंवा अगाथा ख्रिस्ती यांच्या सहीची पहिली आवृत्ती आपल्याकडच्या आठवडी बाजारात सापडणार नाही. कुणी ती स्वस्तात देऊ केली तर तिथेच थांबा.

शोधायचं कुठे आणि केव्हा

संभाजीनगरात जाफर गेटचा रविवार बाजार आहे. तिथे उजाडताच जायचं. ऊन वर चढेपर्यंत चांगला माल हललेला असतो. नांदेडला वजिराबाद, लातूरला गंजगोलाई, आणि प्रत्येक गावात रद्दीची दोन-चार दुकानं असतातच. रद्दीवाल्याला रहस्यकथा पाहिजेत एवढंच सांगून चालत नाही. एखादी जुनी, फाटकी प्रत नमुना म्हणून त्याच्याकडे ठेवा आणि ‘असं काही आलं की बाजूला काढा’ म्हणा. पुस्तकाचा आकार आणि कागदाचा रंग त्याच्या डोळ्यांत बसला की तो बरोबर ओळखतो.

सगळ्यात चांगला हंगाम म्हणजे घटस्थापनेआधीचा पंधरवडा. आपल्याकडे घरोघर दसरा काढतात, म्हणजे सणाआधी सगळं घर झाडून-आवरून घेतात. माळवदाच्या घरांतली फडताळं, कोनाडे, पत्र्याच्या पेट्या तेव्हाच रिकाम्या होतात. मला सर्वांत देखणी प्रत अंबाजोगाईच्या एका वाड्यात अशाच आवराआवरीत मिळाली. घरातल्या आजींनी पितळी भांड्यांच्या पेटीतून पुस्तकांचा गठ्ठा काढून ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “ह्यांनी रातरातभर वाचलेत रे हे. कंदील विझवा म्हणून मी भांडायची. तू वाचणार असशील तर ने, नुसतं मांडून ठेवणार असशील तर राहू दे.” मी वाचणारा आहे हे त्यांना पटवायला तासभर लागला. अशा घरातून पुस्तक नेताना दोन कामं तिथेच करा: मूळ वाचकाचं नाव विचारून घ्या, आणि पुस्तक घरात कधी आणि कसं आलं ते लिहून घ्या. ही माहिती तुम्ही उंबरा ओलांडलात की हरवते.

तिसरी जागा म्हणजे बंद पडलेली वाचनालयं. इथे सावध राहायचं. वाचनालयातून पुस्तक कमी करण्याला निर्लेखन म्हणतात. त्याची दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या वहीत, नोंद होते आणि पुस्तकावर बहुधा ‘बाद’ असा शेरा पडतो. शिक्का आहे, दाखल क्रमांक आहे, पण निर्लेखनाची खूण कुठेच नाही, तर ती प्रत वाचनालयाची असू शकते. विचारा. ती चालू वाचनालयाची निघाली तर परत करा. बरीच वाचनालयं शीर्षकपानाखेरीज आतल्या एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारतात, त्यामुळे पहिलं पान फाडलेली प्रतही आपलं मूळ सांगते.

आवृत्ती ओळखणं: सही नंतर बघायची

लोक आधी सही बघतात आणि तिथेच भुलतात. पुस्तक हातात आलं की शीर्षकपान उलटा आणि त्यामागचं श्रेयपान, म्हणजे आवृत्ती, प्रकाशक, मुद्रक यांची माहिती छापलेलं पान, सावकाश वाचा.

‘आवृत्ती पहिली’ असं छापलेलं असेल तर ठीक, पण तेवढ्यावर विसंबू नका. काही वेळा पुनर्मुद्रणात जुनाच मजकूर तसाच राहतो. मग उरलेले पुरावे बोलू लागतात.

पहिला पुरावा तारखेचा. साल शके दिलेलं असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८७८ चा गुढीपाडवा म्हणजे १९५६. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर इसवी सन बदललेला असतो, तेव्हा ७९ मिळवायचे.

दुसरा पुरावा किमतीचा, आणि हा फार विश्वासू आहे. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक साधारण त्याआधीचं. ‘न. पै.’ किंवा ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४ मधलं, कारण १९६४ च्या जूनपासून ‘नये’ हा शब्द गळाला. नुसते ‘पैसे’ असतील तर त्यानंतरचं. श्रेयपानावर १९५२ साल आणि मलपृष्ठावर ‘७५ पैसे’ असेल तर मुखपृष्ठ नंतरचं आहे, किंवा सगळं पुस्तकच. किमतीवर दुसरी चिठ्ठी डकवलेली असेल तर ती ओढून काढू नका. प्रकाशासमोर पान धरलं की खालचा आकडा बहुतेक वेळा दिसतो.

तिसरा पुरावा पत्त्याचा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘मुंबई ४’, ‘पुणे २’ असे विभागाचे आकडे असतात. ‘मुंबई ४०० ००४’ दिसलं की पुस्तक १९७२ नंतर छापलेलं, मग वर काहीही लिहिलेलं असो.

चौथा पुरावा शेवटच्या पानांवर असतो आणि तो नव्या माणसाच्या लक्षातच येत नाही. प्रकाशक तिथे लेखकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात देत. त्या यादीत ‘प्रकाशित झाली’ म्हणून जी नावं असतील त्यांतलं एखादं पुस्तक हातातल्या पुस्तकाच्या सालानंतरचं असेल, तर तुमच्या हातात नंतरचं मुद्रण आहे.

पान पालथं करून बोटही फिरवा. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेल्या पुस्तकात अक्षरांचा दाब मागच्या बाजूला हलका जाणवतो, ऑफसेटच्या छपाईत पान गुळगुळीत असतं. चाळीस-पन्नासच्या दशकातली म्हणून दिलेली प्रत गुळगुळीत लागली तर पुन्हा तपासा.

पडताळणीसाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हाताशी असू द्या. तिच्या दोन खंडांत १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातली मराठी पुस्तकं नोंदलेली आहेत. जुन्या, मोठ्या वाचनालयात ती मिळते. दोन दिवस ती घेऊन बसलात तर पुढची दोन वर्षं वाचतील.

मूळ मुखपृष्ठ आहे का, हेही बघा. आपल्याकडची बहुतेक जुनी पुस्तकं वाचनालयांनी पुन्हा बांधलेली आहेत. बांधणाऱ्याने चित्राचं मुखपृष्ठ काढून टाकलं, जाड पुठ्ठा लावला आणि कडा कापून सारख्या केल्या. अशी प्रत वाचायला उत्तम. संग्रहासाठी ती घ्यायची ती फक्त दुसरी सापडेपर्यंत.

इंग्रजी प्रतींबद्दल थोडं

पेंग्विनची जुनी पुस्तकं रद्दीत पुष्कळ दिसतात. त्यांवर पेंग्विनने पहिल्यांदा कधी छापलं ते लिहिलेलं असतं, आणि विकणारा तीच पहिली आवृत्ती म्हणून सांगतो. पेंग्विनची ही मालिकाच १९३५ साली सुरू झाली. ख्रिस्तीची पहिली कादंबरी आधी १९२० साली न्यूयॉर्कमध्ये आणि मग १९२१ साली लंडनमध्ये निघाली होती, म्हणजे पेंग्विनच्या कितीतरी आधी. इंग्रज काळात हिंदुस्थान आणि वसाहतींपुरत्या विकण्यासाठी वेगळ्या आवृत्त्या निघत. त्या संग्रहात ठेवण्याजोग्या आहेत, पण त्यांना लंडनच्या पहिल्या आवृत्तीच्या पंक्तीत बसवू नका. नंतरच्या काळातल्या पुस्तकांत श्रेयपानावर १ ते १० अशी आकड्यांची ओळ असते. सर्वसाधारणपणे तिच्यात १ असेल तर पहिलं मुद्रण. जुन्या वेष्टनाची, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी मुखपृष्ठाची, हुबेहूब नक्कल केलेली नवी पुस्तकंही बाजारात आहेत. वेष्टन जुन्यासारखं आणि आतला कागद पांढरा शुभ्र, असं दिसलं की ओळखायचं.

सहीची परीक्षा

एक चांगलं भिंग घ्या, सराफ वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं. पहिल्याच महिन्यात त्याचे पैसे वसूल होतात.

भिंगाखाली सही ठिपक्याठिपक्यांची दिसली तर ती छापलेली आहे. काही पुस्तकांत प्रस्तावनेखाली लेखकाची सही छापलेली असते आणि अननुभवी माणूस तिलाच खरी समजतो. शाईची सही कागदाच्या तंतूंत उतरलेली दिसते. अक्षराच्या वळणावर शाई दाट, झटक्याच्या शेवटी फिकी. रबरी शिक्क्याची सही सगळीकडे सारखी आणि कडांना जाड असते.

मग लिहिण्याचा वेग बघा. आपली सही माणूस विचार न करता करतो. खोटी सही काढलेली असते, त्यामुळे रेघ थरथरते, मध्येच पेन उचललेलं दिसतं, टोकं बोथट होतात. ताडून बघण्यासाठी त्याच दशकातली, खात्रीची सही हवी. माणसाची तिशीतली सही आणि साठीतली सही यांत फार फरक पडतो.

पेन कोणतं होतं? बॉलपेन १९४० नंतरच बाजारात आलं. डॉइल १९३० साली वारले. त्यांची सही बॉलपेनची असेल तर आणखी तपासायची गरज नाही. ख्रिस्ती १९७६ साली गेल्या, भयकथा लिहिणारे नारायण धारप २००८ साली, गुरुनाथ नाईक २०२१ साली. सहीखालची तारीख या सालांशी ताडायची, इतकं साधं काम लोक करत नाहीत.

आता मी कसा फसलो ते सांगतो, कारण त्यातून जी युक्ती मिळाली ती मराठवाड्यातच उपयोगी पडते.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी एका विक्रेत्याने मला एका नामांकित रहस्यकथाकाराची प्रत दाखवली. पहिली आवृत्ती, श्रेयपान चोख. शीर्षकपानावर निळ्या शाईत ‘सप्रेम भेट’, खाली सही, खाली ‘१९७४’. बाजूला एका वाचनालयाचा गोल जांभळा शिक्का. मी दोन हजार रुपये दिले आणि घरी येऊन दिव्याखाली प्रत धरली. ‘सप्रेम भेट’ ही ओळ शिक्क्यापाशी येऊन किंचित वर वळली होती. लिहिणाऱ्याने शिक्का चुकवला होता. म्हणजे शिक्का आधी, लिखाण नंतर. मी शिक्का वाचला. गावाच्या नावाखाली स्पष्ट छापलेलं होतं: जि. लातूर.

लातूर जिल्हा १९८२ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्याआधी ते सगळे तालुके उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १९७४ साली ‘जि. लातूर’ असा शिक्का कुणी बनवलाच नसता. म्हणजे सही १९८२ नंतर कुणीतरी केली आणि तारीख मागची घातली. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांपेक्षा, आपण पुस्तक वाचलं पण शिक्का वाचला नाही, हे लागलं.

तेव्हापासून मी ही यादी पुस्तकाच्या पिशवीत ठेवतो. जालना जिल्हा १ मे १९८१ चा. लातूर १९८२ चा. हिंगोली १ मे १९९९ चा, त्याआधी तो भाग परभणीत. ‘धाराशिव’ (आधीचं उस्मानाबाद) आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ (आधीचं औरंगाबाद) ही नावं सरकारदरबारी २०२३ पासून. उलट्या दिशेने बघायचं तर, आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. एखाद्या प्रतीवर मालकाने स्वतःच्या नावाखाली ‘मोमिनाबाद’ लिहिलं असेल तर ती प्रत जपून ठेवा. ती फार लांबचा प्रवास करून तुमच्यापर्यंत आलेली आहे.

सहीबरोबर गाव आणि तारीख असेल तर लेखक तेव्हा तिथे होता का, हेही तपासता येतं. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं आपल्याकडे झाली: अंबाजोगाईत १९८३, नांदेडला १९८५, परभणीत १९९५, उस्मानाबादला २०२०, उदगीरला २०२२. संमेलनात घेतलेल्या सह्या मराठवाड्यातल्या घरांत सापडतात. त्या काळची वर्तमानपत्रं वाचनालयात बघितली की कोण आलं होतं ते कळतं.

किंमत

ठरलेला भाव नाही, आणि कुणी छापील दर सांगत असेल तर तो त्याचा दर. माझा क्रम असा आहे: लेखकाने मुखपृष्ठकाराला, प्रकाशकाला किंवा दुसऱ्या लेखकाला दिलेली प्रत सर्वांत वर, मग नाव-गाव-तारखेसह एखाद्या वाचकाला दिलेली, मग नुसती सही. विक्रेते नुसत्या सहीला जास्त पैसे मागतात, कारण ‘चि. विजयला’ असं लिहिलेली प्रत विजयखेरीज कोण घेणार, असं त्यांना वाटतं. तुम्ही घ्या. नाव असलेली सही पडताळता येते, नुसती सही येत नाही. घासाघीस जरूर करा, पण घरगुती गठ्ठा देणाऱ्याला त्यातल्या चांगल्या पुस्तकाची खरी किंमत सांगूनच करा. त्याच घरातून पुढच्या दसऱ्याला तुम्हालाच निरोप येतो.

मराठवाड्याच्या हवेत पुस्तक टिकवणं

रहस्यकथा स्वस्त कागदावर छापल्या गेल्या. त्या कागदात आम्ल असतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि कडेने तुटतो. आपल्या मे महिन्यातली ४२-४३ अंशांची कोरडी झळ ते काम आणखी लवकर करते. पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावू नका. कपाट आणि भिंत यांत चार बोटं जागा सोडा, आणि खालचा कप्पा रिकामा ठेवा, कारण वाळवी जमिनीतून वर चढते. पावसाळ्यात हवा कोंडली की बुरशी धरते, तेव्हा आठवड्यातून एकदा कोरड्या दिवशी दारं उघडी ठेवायची.

कसर लागलेली प्रत दुसऱ्या पुस्तकांजवळ आणूच नका. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक दिवस तशीच राहू द्या, म्हणजे बाहेरची वाफ कागदावर न धरता पिशवीवर धरते. नंतर मऊ ब्रशने झाडा. वेखंड आणि सुकलेला कडुलिंब आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. वापरा, पण कापडी पुरचुंडीत, कागदाला न टेकवता. डांबरगोळ्यांचंही तेच.

फाटलं तर सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात उतरतो आणि तो डाग जात नाही. मुखपृष्ठाला लॅमिनेशन करू नका. सहीवर पारदर्शक पट्टी चिकटवण्याचा विचारही नको. जुन्या मालकाचं नाव, वाचनालयाचे शिक्के, ‘पुस्तक वेळेवर परत करावे’ अशा चिठ्ठ्या खोडू किंवा काढू नका. लातूरच्या शिक्क्याने मला जे सांगितलं, ते कोरं पान कधीच सांगू शकलं नसतं.

नोंदवही

प्रत्येक प्रतीला एक पान द्या. लेखक, नाव, श्रेयपानावरचा मजकूर जसाच्या तसा, छापील किंमत, मुखपृष्ठकार, सहीचं वर्णन आणि शाईचा रंग, शिक्के, कुठे आणि कुणाकडून मिळाली, काय दिलं. शीर्षकपानाचा आणि श्रेयपानाचा फोटो काढा. पुस्तकात स्वतःचं नाव लिहायचंच असेल तर मागच्या कोऱ्या पानावर, मऊ शिसपेन्सिलीने, बारीक.

आजच्या लेखकाची सही घ्यायला जाल तेव्हा पहिल्या आवृत्तीची प्रत आणि शाईचं पेन बरोबर न्या. लेखकाला तुमचं नाव, गाव आणि तारीख घालायला सांगा. शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडंच धरा, मिटायची घाई केली की समोरच्या पानावर सहीची उलटी सावली उमटते. घरी आल्यावर त्याच दिवशी नोंदवहीत लिहा: कुठे भेटले, कोणत्या कार्यक्रमात, काय बोलणं झालं. अंबाजोगाईच्या आजींकडून आणलेल्या प्रतीच्या पानावर मी त्यांच्या यजमानांचं नाव लिहिलं आहे आणि खाली एक ओळ: कंदिलाच्या उजेडात वाचलेली.